पाचव्यांदा स्तनात गाठ बसली आहे. दूध तोडावे का?

पुण्याची नवी आई :

नमस्कार. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे आणि जन्मल्यापासून ती केवळ अंगावरच्या दुधावर आहे. तिचे वजन उत्तम वाढते आहे, त्या बाजूने कसलीही काळजी नाही. काळजी आहे ती माझ्या स्तनांची. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा उजव्या स्तनात गाठ बसली आणि तेव्हापासून आजपर्यंत असे चार वेळा झाले. दोन वेळा गाठ दोन-तीन दिवसांत विरली. उरलेल्या दोन वेळा मात्र स्तनावर लाल पट्टा उमटला, १०२ पर्यंत ताप चढला, हुडहुडी भरली आणि प्रतिजैविकांचा कोर्स घ्यावा लागला. काल मध्यरात्रीपासून पाचव्यांदा तेच सुरू झाले आहे. उजव्याच स्तनात, काखेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागते, तिथे ठणका आहे, अंग कसकसते आहे. ताप अजून नाही.

दर वेळी मी जे करते ते तपशिलाने लिहिते, कारण चूक कुठे होते आहे हे मला कळत नाही. गाठ जाणवली की गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने शेकते. मालीशवाल्या मावशींनी दाखवल्याप्रमाणे खोबरेल तेल लावून, गाठीवर अंगठा रोवून ती स्तनाग्राच्या दिशेने दाबत आणते. हे इतके दुखते की डोळ्यांत पाणी येते आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळेनिळे पडलेले असते. मुलगी पिऊन झाली की प्रत्येक वेळी पंप लावून उरलेले दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढते, कारण ‘दूध तुंबू देऊ नकोस, स्तन रिकामा ठेव’ असेच मला सगळ्यांनी सांगितले आहे. रात्री दोन वाजता गजर लावून उठते तेही याच भीतीने. मुलगी पोटभर प्यायल्यानंतरही पंपाने एका वेळी शंभर मिलिलिटर दूध सहज निघते. आहारात अळीवाचे लाडू, डिंक, मेथी आणि दिवसातून दोनदा दुधातून शतावरी कल्प चालू आहे.

सासूबाई म्हणतात, आता पुरे झाले, दूध तोड आणि वरचे दूध सुरू कर. त्यांनी मला तापाने फणफणताना पाहिले आहे, त्यामुळे त्यांचा राग माझ्यावर नाही हे मला समजते. पण मुलीला अंगावर घेतले की जे समाधान मला मिळते ते सोडून देण्याची माझ्या मनाची तयारी नाही. दुसरीकडे, महिन्याभराने कामावर रुजू व्हायचे आहे, आणि असा ताप तिथे आला तर काय करायचे या विचाराने रात्री झोप लागत नाही. हे पुन्हा पुन्हा का होते? गाठ असलेल्या बाजूचे दूध मुलीला चालते का? ज्यांनी हे सोसले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नाशिकची दोन मुलांची आई :

ताई, तुमचा प्रश्न वाचताना मला माझे आठ वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. थोरल्याच्या वेळी मला सात महिन्यांत सहा वेळा असा त्रास झाला होता आणि मीही अगदी हेच करत होते: शेक, रगडणे, पंप, पुन्हा शेक. तुमच्या लिहिण्यातील एका वाक्यावर माझी नजर थांबली. मुलगी पोटभर प्यायल्यानंतरही शंभर मिलिलिटर दूध निघते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

शरीर दूध किती बनवायचे हे किती दूध बाहेर पडते त्यावरून ठरवते. मुलीला लागते त्याहून दीडपट दूध तुम्ही रोज काढत असाल, तर शरीर समजते की घरात पिणारे दीड बाळ आहे, आणि उद्या तेवढे दूध तयार ठेवते. मग एखादा दिवस पंप लावायला उशीर झाला, किंवा मुलगी रात्री सलग सहा तास झोपली, की तो जादा साठा आत दाटतो, आजूबाजूला सूज येते आणि गाठ बसते. गाठ बसली म्हणून आपण आणखी जोमाने रिकामे करतो, म्हणजे उद्यासाठी आणखी दूध मागवतो. या चक्रात मी सहा महिने फिरले. फ्रीजरमध्ये दुधाच्या पिशव्यांची चळत पाहून मला अभिमान वाटत असे. ती चळत आणि माझा ताप यांचा काही संबंध आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

शेवटी एका स्तनपान सल्लागार बाईंनी मला समजावले की गाठ म्हणजे मोरीच्या नळीत अडकलेला बोळा नव्हे. स्तनातील दूधनलिका अतिशय बारीक असतात आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. भोवतालच्या पेशीजालाला सूज आली की त्या बाहेरून दाबल्या जातात आणि दूध पुढे सरकत नाही. आत काही अडकलेलेच नसेल तर अंगठ्याने ढकलून बाहेर काढणार काय? उलट, सुजलेल्या जागी जोर लावला की आतल्या नाजूक केशवाहिन्या फुटतात आणि सूज वाढते. तुम्हाला दुसऱ्या दिवशी दिसणारे काळेनिळे हेच सांगते आहे. ती मालीश आजपासून बंद करा, हे मी हात जोडून सांगते.

त्याऐवजी मी काय केले ते सांगते. पातळ सुती कापडात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे गाठीवर ठेवायचे, थोड्या वेळाने पुन्हा ठेवायचे. निजून राहायचे. काखेपासून गळपट्टीच्या हाडापर्यंतची त्वचा, दुधावरची साय बोटाने सरकवावी तितक्या हलक्या हाताने, स्तनाकडून काखेच्या दिशेने सारायची. याने सुजेतले पाणी उतरायला मदत होते. बाळाला नेहमीच्या वेळी दोन्ही बाजूंनी पाजायचे, दुखऱ्या बाजूला मुद्दाम जास्त नाही आणि घाबरून कमीही नाही. पंप मी एका दिवसात बंद केला नाही, कारण तसे केले असते तर छाती दगडासारखी झाली असती. आधी प्रत्येक वेळचा पंप दोन-तीन मिनिटांनी कमी केला, मग चार दिवसांनी एक वेळ गाळली, मग आणखी एक. रात्रीचा गजर सर्वांत शेवटी गेला. यात तीन आठवडे गेले. मधल्या काळात छाती भरलेली वाटे आणि छातीत धडकी भरे, पण अगदी असह्य झाले तर आराम वाटेल इतकेच हाताने काढायचे, रिकामे करायचे नाही, हा नियम मी पाळला. त्यानंतर एकदा लहान गाठ आली आणि दोन दिवसांत गेली. धाकटीच्या वेळी मी पंपाला पहिले चार महिने हातच लावला नाही. तिच्या वेळी मला एकदाही ताप आला नाही.

जादा दूध दान करावे असे माझ्याही मनात आले होते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि आता अनेक शहरांत अशा पेढ्या आहेत. पण स्तनाला संसर्ग असताना ते दूध घेतले जात नाही, आणि दानासाठी म्हणून मुद्दाम जास्त काढत राहिल्यास आपले दुखणे चालूच राहते. आधी तुम्ही बऱ्या व्हा.

मिरजेची परिचारिका :

मी बाळंतिणींच्या कक्षात १६ वर्षे काम करते आहे. वरच्या ताईंनी लिहिलेल्याशी मी सहमत आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर निम्म्याहून अधिक वर्षे मी स्वतः बायकांना ‘जोराने चोळा आणि रिकामे करा’ असेच सांगत होते. तो सल्ला कोणाच्या लहरीतून आलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली स्तनदाहावर जी पुस्तिका काढली तिच्यात दूध साचणे आणि जंतुसंसर्ग ही दोन प्रमुख कारणे मानली होती आणि साचलेले दूध नीट बाहेर काढण्यावर भर होता. त्यावर डॉक्टरांची आणि परिचारिकांची एक आख्खी पिढी शिकली. २०२२ मध्ये ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपली ३६ क्रमांकाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि तिच्यात सूज हेच मूळ धरून जोराची मालीश, वारंवार रिकामे करणे आणि जादा पंप लावणे हे टाळण्यास सांगितले. या मार्गदर्शिकेतील बऱ्याच सूचना मोठ्या चाचण्यांपेक्षा तज्ज्ञांच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत आणि काही स्तनपान सल्लागारांचे तिच्याशी मतभेदही आहेत, हे तुम्हाला माहीत असावे. तरीही माझ्या कक्षात मालीश थांबवून बर्फ सुरू केल्यापासून ज्या बायका पाहिल्या, त्यांवरून माझे मत बदलले आहे.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. दूध मुलीला चालते. तुमच्या मुलीसारख्या निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला स्तनदाहातील दुधाने अपाय होत नाही. सूज असताना त्या बाजूच्या दुधातील सोडियम वाढते, त्यामुळे दूध किंचित खारट लागते आणि एखादे बाळ त्या बाजूला तोंड फिरवते. काही दिवसांत चव पूर्ववत होते. दूध एकाएकी तोडणे मात्र या घटकेला सर्वांत वाईट ठरेल, कारण बनलेले दूध आत तसेच राहील आणि पू होण्याची शक्यता वाढेल. पुढे कधी तोडायचेच ठरले तर ते सूज पूर्ण उतरल्यावर, आठवड्यांच्या हिशेबाने, सावकाश करावे.

ताप नाही आणि जेमतेम एक रात्र झाली आहे, तेव्हा आज बर्फ, विश्रांती, नेहमीप्रमाणे पाजणे आणि सुजेवरचे औषध एवढे पुरेसे आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही दोन्ही औषधे स्तनपान करताना चालतात. आयबुप्रोफेन सूजही उतरवते, पण ते भरल्या पोटी घ्यावे, आणि पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घरात आधीच्या कोर्सच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या कृपया सुरू करू नका. प्रत्येक गाठीला प्रतिजैविक लागत नाही. २४ तासांनंतरही लाली, ठणका आणि ताप कायम असेल किंवा वाढत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हुडहुडी भरून फार आजारी वाटू लागले, तर २४ तासांचीही वाट पाहू नका. हा संसर्ग बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा असतो, त्यावर क्लॉक्सासिलिनच्या गटातील किंवा सेफॅलेक्सिनसारखे औषध साधारण १० ते १४ दिवस देतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही पुन्हा आमच्याकडेच आल्या आहेत. तुम्ही दोन्ही कोर्स पूर्ण केले होते का, हे एकदा आठवून पाहा.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ती महत्त्वाची वाटते: दर वेळी उजवा स्तन. दर वेळी नेमकी तीच जागा असेल, तर या वेळी गाठ विरली तरी स्तनाची सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत पू साठला आहे का ते कळते. पू असला तरी हल्ली बहुतेक वेळा सुईने ओढून काढतात आणि त्या काळातही बाळाला पाजता येते. औषध सुरू करून ४८ तासांत उतार पडला नाही तर दुधाचे कल्चर करायला सांगा, कारण नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू असू शकतात. गाठ आठवडे उलटूनही हलत नसेल, जखमेतून पू वाहत राहत असेल, किंवा त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होत असेल, तर थांबू नये. आपल्या देशात स्तनाचा क्षयरोगही दिसतो, आणि क्वचित दाहासारखा दिसणारा कर्करोगही असतो. हे तुम्हाला आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ‘पाजणारी बाई आहे, गाठ असायचीच’ म्हणून महिनोन्महिने अंगावर काढलेली दुखणी मी पाहिली आहेत, म्हणून लिहिले.

स्तनाग्रावर पांढरा ठिपका दिसत असेल तर तो सुईने टोचू नका. चीर पडली असेल तर बाळ स्तन नीट तोंडात घेते का, हे कोणा जाणकाराकडून एकदा समोर बसून तपासून घ्या; फोटो पाठवून ते कळत नाही.

साताऱ्याकडची आजी :

मुली, मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही, पण तीन सुनांची बाळंतपणे माझ्या हातून झाली आहेत, म्हणून लिहिते. तुझ्या सासूबाईंचा जीव तुटतो आहे, हे तू ओळखलेस, ते वाचून बरे वाटले.

आमच्या गोठ्यात गाईच्या कासेला हाच आजार होतो. त्याला आम्ही दगडी म्हणतो, कारण कास दगडासारखी होते. तिथे सड पुन्हा पुन्हा पिळून दूध काढायचे आणि ते फेकून द्यायचे, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मला वाटते, बाळंतिणीला ‘सगळे पिळून काढ, ते दूध बाळाला देऊ नकोस’ असे आम्ही जे सांगत आलो, ते बरेचसे गोठ्यातूनच घरात आले. पण गाईला आपण वासराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त दुधासाठी पोसतो, तिला खुराकही त्यासाठीच घालतो. तुला डेअरीला दूध घालायचे नाही. तुझ्या लेकीला पुरले की झाले.

म्हणून खुराकाचे सांगते. अळीव, मेथी, शतावरी, डिंक हे सारे आमच्याकडेही करतात, पण ते सव्वा महिन्यापुरते, आणि तेही दूध उतरत नसेल तर. साडेचार महिन्यांनी, दूध उतू जात असताना, रोज दोनदा कल्प कशाला? आता तुला साधे जेवण पुरे: भाकरी, वरण-भात, पालेभाजी, ताक, आणि तहान लागेल तेवढे पाणी. लाडू घरातल्या बाकीच्यांना खाऊ देत. माझ्या मधल्या सुनेला असाच त्रास झाला तेव्हा मीच तिला ताटभर अळीवाची खीर वाढत होते, आणि तिची गाठ फुगत होती. ते मला नंतर कळले आणि फार वाईट वाटले.

शेकाबद्दल मात्र मी थोडे वेगळे सांगेन. बर्फ बाळंतिणीला लावायचा, ही कल्पनाच आम्हाला सहन होत नाही. वारा लागेल, सर्दी बाळाला होईल, असे वाटते. आईच्या छातीवर गार ठेवल्याने बाळाला सर्दी होत नाही, एवढे मी आता मानते. पण पाजण्याआधी दोन मिनिटे कोमट कापड ठेवून बरे वाटत असेल तर तेवढे ठेवायला हरकत नसावी. चटके बसेपर्यंत शेकणे वाईट. कोबीची गार पानेही ठेवून बघ, सुनेला त्यांनी बरे वाटले होते.

आणि घरातल्यांना एक सांगणे आहे. दूध तोड म्हणण्याआधी आठ दिवस तिच्याकडून पोळ्या, धुणे, पाहुणे काढून घ्या. बाळाला तिच्याजवळ द्या आणि बाकीचे उचला. माझ्या अनुभवात गाठ नेहमी बारसे, लग्न, प्रवास अशा धावपळीच्या दुसऱ्या दिवशी बसते.

ठाण्याची नोकरदार आई :

कामावर जाण्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून तेवढेच लिहिते. मी २६ आठवड्यांची रजा संपवून रुजू झाले त्याच आठवड्यात मला पहिला स्तनदाह झाला, कारण घरी दर तीन तासांनी पिणारे बाळ आणि कार्यालयात सलग नऊ तास बैठका, असा तो बदल होता. ताई, तुम्हाला अजून महिना आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

पंप कामावर लागेलच, पण तो बाळाच्या जागी लावायचा, बाळाच्या जोडीला नव्हे. मुलगी ज्या वेळी प्यायली असती त्या वेळी, ती जेवढे पिते तेवढेच काढायचे आणि थांबायचे. माझ्या बाबतीत एक अगदी साधी गोष्ट दोन महिने कोणाच्या लक्षात आली नव्हती. पंपाचे जे नरसाळे स्तनावर बसते, ते मला मोठे होत होते. पंपाबरोबर आलेले माप सगळ्यांना बसते असे मी धरून चालले होते. भोवतीची काळी त्वचाही आत ओढली जायची, तिला सूज यायची आणि तिथेच गाठ बसायची. लहान माप आणल्यावर, आणि पंपाचा जोर सर्वांत वरून मधल्या आकड्यावर आणल्यावर, दूध तेवढेच निघू लागले आणि दुखणे थांबले. दुखेल इतका जोर लावल्याने दूध जास्त येत नाही.

दुसरे, कपडे. तारेची किंवा काखेत रुतणारी ब्रा, बाळाच्या झोळीचा पट्टा, लॅपटॉपच्या पिशवीचा खांद्यावरून छातीवर येणारा पट्टा, हे सगळे नेमके काखेकडच्या भागावर दाब आणतात. माझी गाठ ज्या बाजूला पिशवी लटकवत असे त्याच बाजूची होती. ब्रा आधार देणारी हवी, आवळणारी नको.

हक्काचेही सांगते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात नेहमीच्या सुटीव्यतिरिक्त पाजण्यासाठी दोन वेळा सुटी मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. प्रत्यक्षात ही गोष्ट मागितल्याशिवाय मिळत नाही. मी रुजू होण्याआधी ई-मेल लिहून दाराला कडी असलेली खोली आणि दोन ठरलेल्या वेळा मागितल्या असत्या, तर प्रसाधनगृहात उभे राहून दूध काढण्याची पाळी माझ्यावर आली नसती. तुम्ही आजच लिहा.

पुण्याची नवी आई :

तुम्हा सर्वांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमा असावी. त्या दिवशी मी मालीश थांबवली आणि बर्फ ठेवला. संध्याकाळी ९९.८ ताप आला तेव्हा धीर सुटत होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरलेला होता आणि लालीही वाढली नव्हती. गाठ पूर्ण विरायला पाच दिवस लागले. पूर्वी रगडून ती एखादे वेळी दोन दिवसांत जायची, त्यामुळे तिसऱ्या दिवशी हात शिवशिवत होते. या वेळी मात्र काळेनिळे पडले नाही आणि प्रतिजैविकही लागले नाही.

मिरजेच्या ताईंचा प्रश्न मनाला लागला. पहिल्या वेळचा कोर्स मी खरोखरच पाचव्या दिवशी सोडला होता, कारण मुलीला जुलाब होत आहेत असे वाटले होते. हे मी या वेळी डॉक्टरांना सांगितले. सोनोग्राफीत पू किंवा दुसरी कसली गाठ दिसली नाही. त्या भागात सुजेच्या खुणा आहेत, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाल्या.

शतावरी आणि लाडू बंद आहेत. आजींचे उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले. गोठ्याचा परिच्छेद ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, कारण त्यांच्या माहेरीही गाई होत्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा स्वयंपाक त्यांनी आणि माझ्या यजमानांनी वाटून घेतला. दूध तोडण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

पंप पाच वेळांवरून एका वेळेवर आला आहे. पहिले आठ दिवस फार अवघड गेले. रात्री छाती भरून यायची आणि आता गाठ बसणार असे वाटून मी उठून बसायची. ती बसली नाही. आता मुलीच्या पिण्यानंतर तीस-चाळीस मिलिलिटरपेक्षा जास्त निघत नाही, आणि तिचे वजन पूर्वीसारखेच वाढते आहे. नरसाळे मलाही मोठेच होते, ते बदलले. कार्यालयाकडून खोलीबद्दल होकार आला आहे, कडी बसवणे बाकी आहे. शेवटची एक शंका आहे: उरलेला एक वेळचा पंप रुजू होईपर्यंत चालू ठेवावा की तोही बंद करावा?

मिरजेची परिचारिका :

ताप चढला नाही हे वाचून फार आनंद झाला. उरलेला पंप पिण्यानंतरचा असेल तर तो हळूहळू बंद करा आणि त्याऐवजी रुजू होण्याआधीच्या आठवड्यात दिवसातून एकदा, मुलीच्या एका पाजण्याच्या जागी पंप लावून ते दूध तिला वाटी-चमच्याने द्यायला घरच्यांना सांगा. त्यामुळे मुलीला सवय होईल आणि दुधाचे प्रमाणही वाढणार नाही. रुजू झाल्यावर पहिले दोन आठवडे छाती जड वाटेल. त्या दिवसांत घरी आल्या आल्या आधी मुलीला घ्या, बाकीची कामे नंतर. सहा आठवड्यांनंतरची सोनोग्राफी, काहीही दुखत नसले तरी, चुकवू नका.